मागच्या सीटवरचा उमेदवार

आमचा सम्मेद मगदूम विधानसभेला उभा होता, तेव्हा त्याच्या प्रचाराच्या जीपमधून रोज दुसऱ्याच माणसासाठी मतं मागितली जायची. मागणारा त्याचा सख्खा बाप. उमेदवार मागच्या सीटवर बसून, हात जोडून, हसतमुखानं मान हलवायचा. आणि ज्याच्यासाठी मतं मागितली जात होती तो माणूस वारून पंचवीसेक वर्षं झाली होती. हे सगळं मी खात्रीनं सांगू शकतो, कारण जीप मी चालवत होतो.

सम्मेद माझा शेजारी. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं चष्म्याचं दुकान आहे. वय तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, आई गेलेली, बहीण लग्न होऊन बेळगावला. घरात तो आणि वडील. वडिलांना सगळी गल्ली आण्णा म्हणते. सम्मेदही आण्णाच म्हणतो. पोरगा शांत, नाकासमोर चालणारा, पण एक खोड. समोरच्या माणसाचा चष्मा तिरका दिसला की त्याचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. तुम्ही त्याला तुमच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनबद्दल सांगत असलात तरी तो हळूच हात पुढं करून तुमच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचा, शर्टाच्या खिशातून एवढासा स्क्रू ड्रायव्हर काढून दांडीचा स्क्रू आवळायचा, काचा पुसायचा, परत नाकावर बसवायचा आणि म्हणायचा, "हां, मग काय म्हणाले डॉक्टर?"

दुसरी खोड बोलण्यातली. त्याला कुठलाही सरळ प्रश्न विचारला की तो म्हणायचा, "तसं न्हाय, पन तसंच हाय." दुकान बरं चाललंय का? तसं न्हाय, पन तसंच हाय. लग्नाचं काही बघतोयस का? तसं न्हाय, पन तसंच हाय. यातून माणसानं काय समजायचं ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं एक जुनी जीप घेतली. बायकोच्या मते तो माझा दुसरा संसार. एका रविवारी मी जीप धूत होतो आणि सम्मेद येऊन कठड्यावर बसला.

"काका, जीपचं टप निघतंय न्हवं?"

"निघतंय की. का रे?"

"उघडी जीप पायजे होती. आमदारकीला उभारतोय."

माझ्या हातातली पाण्याची नळी माझ्याच पायावर वळली. "कुठल्या पक्षाकडनं?"

"ते ठरलेलं न्हाय. पहिलं जीप ठरूदे."

मी विचारलं, मग विरोध कुणाला, म्हणणं काय, मुद्दे काय? त्यानं सगळ्यांवर तेच एक उत्तर दिलं. तसं न्हाय, पन तसंच. जाता जाता मात्र स्पष्ट विचारलं, "कर्णा बसवाय येईल न्हवं वर? जुन्या पद्धतीचा, भोंग्यासारखा?" मला वाटलं पोराला राजकारणाचं वारं लागलंय, चार दिवसांत उतरेल. पण त्यानं अर्ज भरला. अपक्ष. आणि छाननीत तो टिकलाही, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मला वाटलं.

चिन्ह मिळालं दाराची बेल. म्हणजे घरावर असते ती, बटण दाबलं की वाजणारी. आमच्या मतदारसंघात निम्मी गावं, तिथं दारं दिवसभर सताड उघडी. बेल कुणाकडंच नाही. आम्ही सांगायचो, "बेल लक्षात ठेवा." बायका म्हणायच्या, "बेल व्हय, सोमवारी वाहतोय की महादेवाला." एका पारावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बेल म्हंजे जामीन न्हवं? पोरावर केस हाय काय?" तिसऱ्यानं बैल ऐकलं आणि त्याच्या दारच्या बैलाचं कौतुक करत आम्हाला गोठ्यापर्यंत नेलं. सम्मेद सगळीकडं बसायचा. चहा घ्यायचा. कुणाचा तरी चष्मा हातात घ्यायचा. निघताना मत मागायचं विसरायचा, आणि मग मलाच गाडी सुरू करता करता ओरडून सांगावं लागायचं.

त्याच्या या चष्म्याच्या खोडीपायी एकदा आम्ही अडचणीत येता येता वाचलो. निवडणुकीवर नजर ठेवणारं एक पथक कॅमेरा घेऊन फिरत होतं. सम्मेद एका आजीच्या ओसरीवर बसून तिच्या चष्म्याला नवी नाकपट्टी बसवत होता, नेमकं ते तिथं आलं. साहेब म्हणाले, "हे मतदारांना आमिष होतंय, कळतंय का तुम्हाला?" सम्मेदनं त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता हा काहीतरी बाणेदार बोलणार. तो म्हणाला, "साहेब, तुमची डावी काच सैल हाय. पडंल." साहेबांनी चष्मा काढून बघितला, परत घातला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "परत करू नका," आणि गेले. आमिषाबद्दल म्हणाले की काचेबद्दल, ते आम्हाला कळलं नाही.

आता आण्णांचं. आण्णा मगदूम म्हणजे जुन्या काळचे कार्यकर्ते. आमच्या भागात पूर्वी एक पुढारी होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांचं चिन्ह होतं मोट, विहिरीतून पाणी काढायची. आण्णांनी सगळी उमेद त्या माणसामागं घालवली. भाऊसाहेब गेले, मागं कुणी उरलं नाही, मोटही गेली. आण्णांना अलीकडं विसर पडायला लागला होता. नुसता किल्ल्या कुठं ठेवल्या हा विसर नव्हे. वर्षं विसरायचे. मधला पंचवीस-तीस वर्षांचा तुकडा कुणीतरी कापून न्यावा तसा गेला होता आणि दोन्ही टोकं एकमेकांना नीट जुळत नव्हती.

प्रचाराच्या पहिल्या दिवशी सकाळी मी जीप सम्मेदच्या दारात उभी केली. आण्णा पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी अशा वेशात पायरीवर तयार बसलेले. ते उठले आणि न विचारता पुढं माझ्या शेजारी चढून बसले. मला म्हणाले, "ड्रायव्हर, उशीर केलासा." उमेदवार मुकाट्यानं मागं बसला. पहिलंच गाव आलं, आण्णांनी माईक घेतला, घसा खाकरला आणि आवाज दिला.

"बंधू आणि भगिनींनो, भाऊसाहेबांची निशाणी मोट. मोटंवर शिक्का. इसरायचं न्हाय."

मी ब्रेक मारला आणि मागं बघितलं. सम्मेद हात जोडून लोकांकडं बघत हसत होता.

माझा तर पुरता गोंधळ उडाला. पण लोकांचा त्याहून जास्त उडाला. जीपच्या बाजूला फलक सम्मेदचा, त्यावर चित्र बेलचं, भोंग्यातून आवाज मोटेचा. तरुण पोरांना मोट माहीत नाही. त्यांना वाटायचं मोटर. शेतावरच्या पंपाची मोटर. एक जण गाडीला हात करून म्हणाला, "आजोबा, मोटरचं राहूदे, रात्रीच्या लाइटचं बघा की." आण्णा म्हणाले, "भाऊसाहेबांच्या कानावर घालतो." तो म्हणाला, "आन् हे भाऊसाहेब कोण?" आण्णांना हा विनोद वाटला. ते खदखदून हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. शिक्क्याचं तर काय सांगावं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचे दिवस गेल्याला जमाना झाला. आण्णा प्रत्येक बाईला समजावून सांगायचे, शिक्का मधोमध मारा, शाई वाळली की घडी घाला. बायका मान डोलवायच्या आणि आमच्याकडं बघायच्या. आम्हीही मान डोलवायचो.

एका स्थानिक वाहिनीची मुलगी मुलाखतीला आली. तिनं विचारलं, "तुमचे वडील दुसऱ्याच उमेदवाराचा प्रचार करतात, म्हणजे तुमच्या घरातच फूट आहे का?"

सम्मेद विचार करून म्हणाला, "तसं न्हाय, पन तसंच हाय."

"ते उमेदवार हयात नाहीत असं कळतं."

"व्हय. न्हाईत."

"मग त्यांना मतं कशी मिळणार?"

"न्हाईत मिळनार," सम्मेद म्हणाला. "मला बी मिळतील असं वाटत न्हाय. पन त्यांची मानसं चांगली होती." मग त्यानं तिचा चष्मा मागितला.

सम्मेदबरोबर त्याचे सात-आठ दोस्त प्रचाराला होते. पोरं मनापासून राबत होती. मित्र उभा आहे म्हटल्यावर गाड्या काढून आली होती. आठवडाभर त्यांनी हे सगळं सोसलं. मग एका दुपारी, कागलच्या रस्त्याला एका उसाच्या रसाच्या गाडीजवळ आम्ही थांबलो असताना, त्यांच्यातला बंड्या चौगुले पुढं झाला. हा सम्मेदचा शाळेपासूनचा दोस्त, आवाज मुळातच मोठा.

"सम्या, आता बास. आण्णास्नी उद्यापास्नं घरात ठेव. लोकं हसाल्यात आपल्याला. मी काय सांगू गावात? बेल सांगू का मोट सांगू?"

आण्णा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

"आण्णा येनार," सम्मेद म्हणाला.

"मग आम्ही न्हाय येनार."

सम्मेदनं हातातला ग्लास गाड्यावर ठेवला. "रागवू नगंस बंड्या. तुजं बरोबर हाय. पन आण्णा येनार."

ही एवढीच वाक्यं. बंड्यानं माझ्याकडं बघितलं, मी उसाच्या चिपाडांकडं बघितलं. पोरांनी गाड्या सुरू केल्या आणि गेली. त्या दिवसापासून प्रचारात आम्ही तिघेच उरलो. एक मत मागणारा, एक हात जोडणारा आणि एक ड्रायव्हर.

मी मात्र त्या दिवशी गप्प बसलो नाही. आण्णांना घरी सोडल्यावर सम्मेदला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, "हे काय चाललंय? तुला आमदार व्हायचंय की नाही?"

त्यानं नेहमीचं वाक्य तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. मग म्हणाला, "काका, आण्णा रोज सकाळी पांढरी कापडं घालून पायरीवर बसत्यात. जीप येनार म्हनत्यात, प्रचाराला जायचंय. वर्ष झालं. पहिलं मी सांगायचो, आण्णा, जीप येनार न्हाय, भाऊसाहेब गेलं. मग ते रडायचं. दुसऱ्या दिवशी परत इसरायचं, परत सांगितलं की परत रडायचं. रोज नव्यानं मानूस मेल्यासारखं. म्हणून सांगायचंच सोडलं."

"अरे मग मला बोलायचंस. मी जीप अशीच दिली असती. रोज एक चक्कर मारून आणलं असतं."

"चक्कर मारून बघितली की. दिवाळीच्या आधी भाड्यानं आनलीती एक जीप. बसलं आनंदानं. रंकाळ्यापर्यंत गेलो. मग म्हनाय लागलं, झेंडा कुठाय, कर्णा कुठाय, मानसं कुठायत, ही कसली जीप. उतरून चालत घरला आलं. कर्णा लावावा म्हटलं तर परवानगी लागतीय. नुसत्या हौसेला कोन देतोय परवानगी? उमेदवाराला देत्यात."

माणसं जात सांगून उभी राहतात, पैसा आहे म्हणून राहतात, रागानं राहतात. भोंग्याच्या परवान्यासाठी विधानसभेला उभा राहिलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आणि चुकून निवडून आलास तर?"

"आलो तर करू की काम," सम्मेद म्हणाला. "त्यात काय. चष्म्याचं दुकान बी मला आधी जमत नव्हतं."

त्यानंतर माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता. तसा तो झाला नाही, उलट मी त्यात सामील झालो. एखाद्या गावात आण्णा विचारायचे, "भाऊसाहेब कुठवर आलेत?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या गावात आहेत." सम्मेदनं माझ्याकडं बघायचं, मी रस्त्याकडं. एकदा तर एका बाजारच्या गावी मी स्वतः माईकवर "मोटेवर शिक्का" असं बोलून गेलो आणि मग कितीतरी वेळ बेलसाठी काय म्हणायचं असतं ते मला आठवेना.

त्याच बाजारच्या गावी आण्णांचं भाषण झालं. जीप चौकात थांबलेली, भाजीवाल्या बायका, कोंबड्या, मध्येच एक टेम्पो हॉर्न वाजवतोय. आण्णा जीपमध्ये उभे राहिले आणि बोलायला लागले. एरवी सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस, पण भाषणात कुठं अडखळला नाही. कुठल्या ओढ्यावर भाऊसाहेबांनी पूल करून घेतला, कुठल्या वस्तीत पाण्याची टाकी आली, त्या दिवशी कोण कोण नाचलं, सगळं नावानिशी. नावं घेतलेल्या माणसांपैकी एकाची बायको तिथं भेंडी विकत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. चार म्हातारे पुढं सरकून जीपच्या टायरपाशी उभे राहिले. भाषण संपल्यावर त्यांतल्या एकानं आण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आण्णा, मत भाऊसाहेबास्नीच." त्यालाही विसर पडलेला होता, की त्यानं समजून उमजून म्हटलं, ते मी आजही सांगू शकत नाही. सम्मेद मागच्या सीटवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. इतक्या जोरात की लोकांना वाटलं, भाड्यानं आणलेला माणूस आहे.

निकालाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाट बघायला नको. सम्मेद पडला. व्यवस्थित पडला, अनामत रकमेसकट. आमच्या दोन-तीन गावांतून मात्र अशी बातमी आली की काही म्हाताऱ्या माणसांनी केंद्रावर वाद घातला. यंत्रावर मोट कुठाय, मोट दाखवा, म्हणून ती हटून बसली होती. अधिकाऱ्यांनी यादी दाखवली, समजावलं. शेवटी त्यांनी कुठलं बटण दाबलं कुणास ठाऊक. बंड्या चौगुले निकालाच्या दिवशी दुकानात आला, "तुला मत घातलंय रं, बेल दाबली," म्हणाला आणि चष्मा नसतानाही तासभर बसून राहिला. सम्मेदनं त्याला गॉगल दिला.

पण मला निकालापेक्षा प्रचाराची शेवटची संध्याकाळ जास्त आठवते. शेवटच्या दिवशी नियमानं प्रचार लवकर थांबवावा लागतो. पोलिसांनी येऊन सांगितलं, आता भोंगा बंद. मी वायर काढली. एरवी आम्हाला परतायला अंधार व्हायचा. त्या दिवशी अजून ऊन होतं. पंचगंगेच्या काठाकाठानं आम्ही येत होतो. उसाच्या शेंड्यांवर पिवळा उजेड, गुऱ्हाळाच्या धुराचा वास. तिघंही बोलून बोलून दमलेले. आण्णा पुढं माझ्या शेजारी. बऱ्याच वेळानं ते वळून मागं बघायला लागले.

"पावणं," ते सम्मेदला म्हणाले, "लई राबलासा तुमी. इतके दिवस बघतोय मी. ही बाकीची पोरं पळाली, तुमी ऱ्हायलासा. भाऊसाहेबांच्या कानावर घालणार हाय मी तुमचं."

मी आरशात बघितलं. आण्णा सगळ्यांनाच पावणं म्हणतात. गल्लीतल्या कुत्र्यालाही म्हणतात. त्यामुळं इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"कुणाचा तू?" आण्णा एकदम आपुलकीनं अरे-तुरेवर आले.

सम्मेद म्हणाला, "मगदुमांचा."

"आमच्यातलाच की मग," आण्णा खूश झाले. "घरात सांगून आलायस न्हवं? असं दिवस-दिवस भाईर ऱ्हायलं की वडील वाट बघत असत्यात."

"सांगून आलोय, आण्णा."

"बरं केलंस." ते पुन्हा समोर वळले. मग माझ्याशी बोलावं की स्वतःशी, अशा आवाजात म्हणाले, "माझं बी एक पोरगं हाय. बारकं हाय अजून. मी प्रचारातनं घरला जातोय तवर झोपलेलं असतंय, आन् सकाळी ते उठायच्या आत ही जीप दारात. बोलणंच हुईत न्हाय." त्यांनी कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडं बघितलं. "आज उजेड हाय अजून. आज जागं असंल. ड्रायव्हर, दाबा जरा गाडी."

मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला.

मागून सम्मेद म्हणाला, "सावकाश घ्या काका. घाई न्हाय."